चार सेकंदांचा प्रकार, दिवसभराचा हिशेब

मी सातवीत असताना माझ्या मावसबहिणीने मला एक सेफ्टी पिन दिली. "बसमध्ये चढलीस की हातात धरायची, टोक बाहेर. कुणी चिकटलं तर भांडत बसायचं नाही. टोचायची आणि पुढे सरकायचं." पाऊस येईल, छत्री घेऊन जा, असं सांगावं तितक्या सहज तिने हे सांगितलं. पुढच्या काही वर्षांत ती पिन वापरायची वेळ दोनदा आली. एकदा टोचली. दुसऱ्यांदा हात इतका थरथरत होता की पिन खालीच पडली, आणि नंतर आठवडाभर मी स्वतःवरच चिडलेली होते.

पुढे कधीतरी वाचलं की ही युक्ती मावसबहिणीची नाहीच. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिका आणि युरोपातल्या बायका मोठ्या टोप्या घालायच्या आणि त्या केसांना अडकवायला लांबलचक हॅटपिन वापरायच्या. ट्राममध्ये किंवा रस्त्यावर कुणी अंगाला आलं की तीच पिन उपसायच्या. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या यायच्या, व्यंगचित्रं यायची. १९१० मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने या प्रकरणात लक्ष घातलं आणि नऊ इंचांपेक्षा लांब हॅटपिनवर बंदी आणली. लांब पिनांमुळे गर्दीत लोकांना इजा होते, ही तक्रार खोटी नव्हती. पण गंमत बघा. अंगाला येणारे पुरुष आणि बाईच्या टोपीतली पिन, या दोन्हींपैकी मोजपट्टी लागली ती पिनेला.

म्हणून रस्त्यावर बायकांना होणाऱ्या त्रासावर कुणी कुठलाही उपाय सुचवला की मी एकच प्रश्न विचारते: हे काम कोणाच्या गळ्यात पडतंय?

आधी नावाचं बघू. आपल्याकडे याला 'छेडछाड' म्हणतात. त्या शब्दात थोडी खोडी आहे, थोडी गंमत आहे, कॉलेजच्या कट्ट्यावरचा वात्रटपणा आहे. पण त्याच शब्दाखाली काय काय खपून जातं ते बघा. शिट्टी मारणं, डोळा मारणं, जाता जाता अंगावरून शेरा मारणं, "हस ना जरा" म्हणणं, गाडीचा वेग कमी करून शेजारून चालवत राहणं, गर्दीचा फायदा घेऊन हात लावणं, मोबाइलवर चोरून फोटो काढणं, मागे मागे घरापर्यंत येणं, भर रस्त्यात पँटची चेन उघडून उभं राहणं. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच हलकाफुलका शब्द दिला की त्यातलं सगळ्यात वाईट तेही हलकंच वाटायला लागतं.

"शिट्टीच तर मारली, त्यात एवढं काय?" हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि त्याचं सरळ उत्तर देता येतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ लिझ केली यांनी १९८० च्या दशकात असं मांडलं की बायकांवरच्या लैंगिक हिंसेचे प्रकार वेगवेगळ्या डब्यांत बंद नसतात. शेऱ्यापासून बलात्कारापर्यंत ते एकमेकांत मिसळत जाणाऱ्या पट्ट्यासारखे असतात. हे जरा पुस्तकी वाटतं, म्हणून मुलीच्या जागी उभं राहून बघू. संध्याकाळी ती एकटी चाललीय. मागून शिट्टी येते. त्या क्षणी तिला काय माहीत असतं? काहीच नाही. माणूस शिट्टी मारून थांबणार, की चालायला लागणार, की पुढच्या कोपऱ्यावर गाठणार, हे तिला नंतर कळणार. तो घरी गेल्यावर "काही केलं का मी?" असं विचारू शकतो, कारण आपण काही करणार नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला नव्हतं. चार सेकंदांची ती शिट्टी निरुपद्रवी होती, हे तिला दाराची कडी लावल्यावर समजतं.

आणि कौतुकाचं काय? "छान दिसतेस म्हटलं तर त्रास कसा?" याला मी एक साधी चाचणी लावते. तिच्या शेजारी तिचे वडील किंवा नवरा चालत असते, तर त्याने हेच वाक्य, याच आवाजात म्हटलं असतं का? बहुतेक वेळा नाही. दुसरी चाचणी त्याच्या पुढच्या वाक्यात असते. तिने उत्तर दिलं नाही की "छान दिसतेस" याची शिवी व्हायला दोन पावलं पुरतात. खरं कौतुक गप्प बसण्यावर इतकं चिडत नाही.

आता दिवसभर डोक्यात चालणाऱ्या हिशेबाबद्दल, कारण माझ्या मते खरा विषय तोच आहे. प्रसंग घडतो तेव्हा निदान काहीतरी घडल्याचं दिसतं. प्रसंग घडू नये म्हणून जे चाललेलं असतं, ते कुणालाच दिसत नाही.

एक मुलगी क्लासहून घरी निघालीय. जवळचा रस्ता आहे, पण तिथे दिवा नाही, शिवाय वळणावर मुलांचा घोळका असतो. म्हणून लांबचा. एका कानातला इअरफोन काढलेला, दुसरा गाणं बंद करून तसाच, म्हणजे कुणी काही बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. ओढणी नीट. बॅग पुढे. समोरून तिघे येताना दिसले की फोन कानाला, आणि पलीकडे कुणी नसताना "हो बाबा, आलेच, पाच मिनिटं." नजर जमिनीवर नको, भित्री वाटते. समोरच्याकडे नको, आमंत्रण वाटतं. मधेच कुठेतरी ठेवायची. तिघे निघून जातात. त्यांनी काही केलंही नाही, कदाचित त्यांचं लक्षही नव्हतं. घरी आल्यावर आई विचारते, "उशीर का झाला?" आणि ती म्हणते, "असंच."

लिझ केली, फिओना व्हेरा-ग्रे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सगळ्याला 'सेफ्टी वर्क' म्हटलं आहे, सुरक्षिततेसाठी उपसलेले कष्ट. त्याची एक पंचाईत अशी की ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही तर श्रेय कुणाला द्यायचं? उलट काही घडलं की लगेच हिशेब तपासला जातो: त्या रस्त्याने गेलीस कशाला?

हे कष्ट मोजायचा एक चांगला प्रयत्न अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी केला. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी कोणती कॉलेजं निवडली आणि तिथे जायचे रस्ते किती सुरक्षित होते, हे त्यांनी ताडून पाहिलं. रस्ता बराचसा सुरक्षित मिळणार असेल तर मुली गुणवत्तेत वरच्या २० टक्क्यांत बसणारं कॉलेज सोडून खालच्या अर्ध्यात मोडणारं कॉलेज घ्यायला तयार होत्या. गुण होते, प्रवेश मिळत होता, आणि बसच्या मार्गाने निकाल फिरवला. ही मुलगी पुढे कमी पगाराची नोकरी धरेल तेव्हा तिच्या बायोडेटामध्ये त्या बसचा उल्लेख कुठेच नसेल.

व्हिएन्नाचं उदाहरण तर याहून लहान मुलींचं आहे. १९९० च्या दशकात तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या एकदम कमी होतात, मुलं मात्र येत राहतात. मधलं मोठं मैदान मुलांनी व्यापलेलं असायचं आणि मुली काठाकाठाने सरकत शेवटी घरी बसायच्या. मग दोन बागांची रचना बदलून पाहिली. मोठ्या जागेचे लहान भाग केले, वेगवेगळ्या खेळांना आणि नुसतं बसून गप्पा मारायला जागा ठेवली, रस्ते उजळ केले. मुली परत यायला लागल्या. त्यांना धीट व्हायला कुणी शिकवलं नव्हतं, बदलली होती ती बाग.

हे किती सर्रास घडतं? 'स्टॉप स्ट्रीट हॅरॅसमेंट' या संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेत दोन हजार लोकांची देशव्यापी पाहणी करून घेतली. त्यात ६५ टक्के बायकांनी आणि २५ टक्के पुरुषांनी असा अनुभव आल्याचं सांगितलं. पुरुषांचा आकडा वाचून काहींना आश्चर्य वाटतं, पण समलिंगी असल्याच्या किंवा 'पुरुषासारखा पुरुष' न दिसल्याच्या संशयावरून रस्त्यात काय काय ऐकावं लागतं ते त्यांनाच विचारा. इजिप्तमध्ये यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ९९.३ टक्के बायकांनी असा त्रास झाल्याचं सांगितलं. या त्रासाविरुद्ध चळवळ चालवणारी 'हॉलाबॅक' ही संस्था आणि कॉर्नेल विद्यापीठाने मिळून अनेक देशांतल्या बायकांना विचारलं, तेव्हा ८४ टक्के जणींना पहिला अनुभव सतरा वर्षांच्या आत आला होता. ही पाहणी मुख्यतः चळवळीशी जोडलेल्या बायकांपर्यंत पोचली होती, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायचा. तरी 'सतराच्या आत' हे शब्द वाचून एकही मैत्रीण मला दचकलेली दिसली नाही. शाळेच्या गणवेशात पहिल्यांदा हे होतं, हे बायकांना माहीत असतं. बापांना बहुधा माहीत नसतं.

पुरुष हे का करतात? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे आकर्षण. पण शिट्टी मारून आजवर कुणाचं जमल्याचं कुणी ऐकलंय का? २०१७ मध्ये इजिप्त, लेबनॉन, मोरोक्को आणि पॅलेस्टाइन इथल्या पुरुषांशी बोलून एक मोठा अभ्यास झाला. इजिप्तमधल्या ६४ टक्के पुरुषांनी रस्त्यावर बायकांना असा त्रास दिल्याचं कबूल केलं, आणि त्यांनी सांगितलेलं सगळ्यात मोठं कारण होतं 'मजा'. मजा कुणाबरोबर, हे बघितलं की बाकीचं उलगडतं. एकटा असताना मान खाली घालून जाणारा मुलगा चौघांत असला की शेरा मारतो. वाक्य मुलीकडे फेकलेलं असतं, टाळी मित्रांकडून हवी असते. सगळेच असे नसतात, एकट्याने पाठलाग करणारे वेगळे आणि जास्त धोक्याचे. पण घोळक्यातला बराचसा उद्योग प्रेक्षकांसाठी असतो, आणि त्या प्रेक्षकांतला एकजण जरी हसला नाही तरी खेळ पडतो. मुलांच्या शाळांतून हे कुणी शिकवताना मला फारसं दिसत नाही.

आता उपायांकडे. कायदा हा सगळ्यात आधी सुचणारा. २०१२ मध्ये सोफी पीटर्स या विद्यार्थिनीने ब्रसेल्सच्या रस्त्यांवर चालताना ऐकावे लागणारे शेरे छुप्या कॅमेऱ्याने टिपले. देशभर चर्चा झाली आणि २०१४ मध्ये बेल्जियमने सार्वजनिक जागी लिंगावरून अपमान करणं हा गुन्हा ठरवला. फ्रान्सने २०१८ मध्ये जागच्या जागी दंड करायची सोय केली. फिलिपिन्सच्या २०१९ च्या कायद्यात शिट्टी आणि शेरेबाजीचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंडाबरोबर समाजसेवा आणि लिंगभावाचं प्रशिक्षण आहे. मला ही शिक्षा बरी वाटते. निदान त्या माणसाचा दिवस तरी त्यात जातो.

अडचण पुराव्याची आहे. चार सेकंदांत माणूस गर्दीत नाहीसा होतो. नाव माहीत नाही, साक्षीदार थांबत नाही, आणि बाईला वेळेवर कामावर पोचायचं असतं. बेल्जियमच्या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली त्या खटल्यातली तक्रारदार कोण होती, हे म्हणूनच पाहण्यासारखं आहे. ती पोलीस होती. वाहतुकीचा नियम मोडला म्हणून थांबवलेल्या माणसाने तिला बायकांना शोभेल असं काम करायला सांगितलं, आणि त्याला तीन हजार युरो दंड झाला. आरोपी समोर उभा, सहकारी साक्षीला, तक्रार कशी लिहायची ते माहीत. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा कायदा चालला. ज्या पायी जाणाऱ्या मुलींसाठी तो झाला, त्यांच्याकडे यातलं काय असतं?

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. दंड करणारा पोलीस रस्त्यावर असतो, त्यामुळे सापडतात तेही ज्यांचं आयुष्य रस्त्यावर जातं ते, म्हणजे गरीब, स्थलांतरित, बेकार. गाडीच्या काचेआडून किंवा ऑफिसच्या लिफ्टमधून तेच करणारा सुटतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दहा तास चालणाऱ्या एका बाईला ऐकावे लागलेले शेरे दाखवणारा व्हिडिओ जगभर फिरला, तेव्हा हाच आक्षेप आला होता: त्यात गोरे पुरुष जवळजवळ दिसतच नव्हते. कायदा नको असं मी म्हणणार नाही. "हे चूक आहे" असं कागदावर असणं लागतं, नाहीतर पोलीस चौकीतून बाईलाच समजावून परत पाठवतात. फक्त कायदा झाला म्हणजे काम झालं असं धरू नये.

काही प्रयत्न मला अधिक हुशारीचे वाटतात. कैरोमध्ये २०१० साली 'हॅरॅसमॅप' सुरू झाला. बायकांनी मेसेज पाठवायचा आणि कुठे काय घडलं ते नकाशावर उमटायचं. पण नकाशाचा एक धोका असतो. लाल ठिपके दिसले की बाई तो रस्ता टाळणार, म्हणजे हिशेब पुन्हा तिच्याच डोक्यात. तिथल्या स्वयंसेवकांनी मग मोहल्ल्यांत जाऊन दुकानदार, इमारतींचे रखवालदार, टपरीवाले यांच्याशी बोलायला सुरुवात केली. हे लोक दिवसभर तिथेच असतात, सगळं बघतात. "तुमच्या दुकानासमोर असं चालणार नाही" हे वाक्य त्यांनी म्हणायचं, एवढीच मागणी. त्यांचे डोळे तिथे होतेच, फक्त बहुतेक वेळा ते मुलीच्या कपड्यांवर असायचे.

बंगळुरूत जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ब्लँक नॉइज' या चळवळीचा एक उपक्रम तर काहीच न करण्याचा आहे. बायका ठरवून सार्वजनिक बागेत जातात आणि गवतावर झोपतात. ऐकायला विनोदी वाटतं. पण भर दुपारी बागेत पालथा पडलेला पुरुष आपण रोज बघतो, बाई शेवटची कधी बघितली? रस्त्यावर बाईला सतत काहीतरी काम असल्यासारखं दिसावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये एका विद्यार्थिनीने २०१६ मध्ये तिसरीच वाट काढली: जिथे जे वाक्य ऐकलं, तिथेच फुटपाथवर रंगीत खडूने ते जसंच्या तसं लिहायचं. कानात पुटपुटलेलं वाक्य भल्या सकाळी हातभर अक्षरांत सगळ्यांसमोर. पावसाने ते पुसलं जातं, पण ज्याने म्हटलं त्याला तिथून जावं लागतं.

बस आणि रेल्वेत बायकांचे वेगळे डबे हा जुना तोडगा आहे. टोकियोपासून मेक्सिको सिटीपर्यंत ते आहेत. ज्यांनी गर्दीच्या वेळी प्रवास केलाय त्यांच्यापुढे या डब्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण डबा भरला आणि बाई दुसऱ्या डब्यात चढली की "मग इकडे आलीस कशाला?" हेही ऐकावं लागतं. टोरांटोची युक्ती मला जास्त आवडते. १९९१ पासून तिथे रात्री एकटी असलेली बाई ड्रायव्हरला दोन स्टॉपच्या मधे, घराजवळ, बस थांबवायला सांगू शकते. पुढे ही सोय सगळ्यांना मिळाली. खर्च जवळपास शून्य, आणि तिच्या अंधारातल्या चालण्यातली दहा मिनिटं कमी. इक्वेडोरची राजधानी किटो इथे बसमधली बाई मेसेज पाठवते, ड्रायव्हरला खबर जाते आणि बसमध्ये घोषणा होते. एवढ्यावर पुष्कळ हात मागे येतात.

राहिले आपण, बघणारे. "लोक नुसते बघत बसतात" हे आपण इतक्यांदा म्हणतो की ते खरंच वाटतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनच्या रस्त्यांवरची २१९ भांडणं सीसीटीव्हीवर तपासली. दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक माणूस तरी मधे पडला होता. लोक मदत करतात. मग बसमध्ये का करत नाहीत? कारण भांडण दिसतं, ऐकू येतं. बसमधला हात दिसत नाही, आणि ती मुलगी ओरडत नाही. शेजारच्याला वाटतं, ओळखीचे असतील.

मदत म्हणजे कॉलर धरणं, हाही एक गैरसमज आहे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था पाच वाटा सांगतात: लक्ष दुसरीकडे वळवणं, कंडक्टर किंवा गार्डला सांगणं, नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं, आणि सुरक्षित वाटलं तरच थेट हटकणं. व्हिडिओ काढलात तर तो तिच्या हातात द्यायचा, परस्पर पसरवायचा नाही. यातली पहिली वाट मी अनुभवलीय. पिन हातातून पडली त्या दिवशी दोन रांगा पुढे बसलेल्या एक काकू एकदम मोठ्याने म्हणाल्या, "अगं, तू शिंदेबाईंची ना? ये, इथे बस." मी कुणा शिंदेबाईंची नव्हते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, सरकून जागा केली, आणि उतरेपर्यंत माझ्या परीक्षेबद्दल विचारत राहिल्या. त्या माणसाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. तो पुढच्या स्टॉपला उतरला.

त्या दिवशी घरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर बस बदलायला सांगितली असती, किंवा क्लास, हे मला तेव्हाच कळत होतं. मुली घरी सांगत नाहीत याचं कारण लाज असतं, पण त्याहून मोठं कारण हे असतं की सांगितलं की फिरणं बंद होतं. तुमच्या घरातल्या मुलीने सांगितलंच, तर काय घातलं होतंस, किती वाजले होते, एकटी होतीस का, हे तीन प्रश्न गिळून टाका. पाणी द्या. मग विचारा, "उद्या कसं जायचं ठरवतेस? मी येऊ का सोबत, की नको?" तिने "नको" म्हटलं तर जाऊ नका.